तुम्ही विचारलंत म्हणून: अंगावर पाजून आईला काय मिळतं?

"सिस्टर, बाळाला चांगलं असतं ते माहितीये, पण माझं काय?" नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या प्रसूतिगृहात हा प्रश्न मला सारखा येतो, आणि बहुतेक वेळा सासूबाई चहा आणायला खाली गेल्या की मगच, हळू आवाजात. हळू कशाला विचारायचं? शरीर तिचं आहे, तिने विचारायलाच हवं.

पहिला फायदा तर लगेच सुरू होतो. बाळ ओढायला लागलं की ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानेच पान्हा येतो आणि त्यानेच गर्भपिशवी आकसते, म्हणून पहिले काही दिवस पाजताना ओटीपोटात कळ येते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर जास्तच, आणि बायका घाबरतात. पण त्या आकसण्यानेच रक्तस्राव कमी होतो.

मला स्वतःला सगळ्यात मोठा वाटतो तो कॅन्सरचा मुद्दा. २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशोब छापून आला, त्यात दिसलं की एकूण जितके महिने पाजलं त्यातल्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. हे सगळ्या मुलांचे महिने मिळून बरं का, म्हणजे दोघांना दीड-दीड वर्ष पाजलं तर तीन वर्षं धरायची. आकडा छोटा आहे आणि तो धोका कमी करतो, संपवत नाही, म्हणून "मी तर दोन वर्षं पाजलंय, मला काय होणार" म्हणून गाठ अंगावर काढू नका. पाजताना दूध साठूनही गाठ होते, पण ती दोन आठवड्यांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवाच.

अंडाशयाचा कॅन्सर आणि टाइप २ डायबेटिस हेही जास्त पाजणाऱ्या बायकांत कमी आढळतात, त्यामुळे गरोदरपणात शुगर निघालेल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

वजन उतरेल का? काहींचं उतरतं, काहींचं नाही, मी तरी वचन देत नाही. दूध तयार व्हायला रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात, म्हणून अळिवाची खीर, लाडू खा, पण त्यासोबत भाजी-भाकरी, डाळ, अंडं, पोटभर पाणी हवं, नुसत्या लाडवांवर बाळंतीण उभी राहत नाही. आणि हाडं झिजतात म्हणतात ना, तर हाडांतलं कॅल्शियम त्या काळात कमी होतं हे खरंय पण पाजणं सुटल्यावर भरून येतं.

"पाजतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत" यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचंच, वरचं काही नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच ते ९८ टक्के लागू पडतं, एक जरी सुटली तरी दुसरं साधन वापरा.

आणि कुणाला दूध आलंच नाही, किंवा औषधांमुळे पाजता येत नाही, तर तिला टोमणे मारणाऱ्या नातेवाइकांना मी वॉर्डाबाहेर बसवते, खरंच बसवते, कारण ती आई कुठे कमी पडलेली नसते.

अंबड-सातपूरला कंपनीत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा तर आहेच, पण कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीशिवाय पाजायला दोन ब्रेकही आहेत. रजेचा अर्ज देतानाच एचआरकडे हे ब्रेक लेखी मागून घ्या.