तो हेर होता का? तुम्ही विचारलंत म्हणून

सेवाग्रामला येणाऱ्या पाहुण्यांना मी जून १९४२ मध्ये आठवडाभर येथे राहिलेल्या अमेरिकन पत्रकार लुई फिशरची गोष्ट सांगतो आणि दर वेळी कोणीतरी विचारतेच, "गुरुजी, हा पत्रकार म्हणजे अमेरिकेचा हेरच ना?"

नाही. हेर लपून राहतो. हा गृहस्थ पाण्याच्या टबात खोके ठेवून त्यावर बसत असे आणि दुसऱ्या खोक्यावरच्या टाइपरायटरवर गांधीजींशी झालेले बोलणे उतरवून काढत असे. (वर्धेचा उन्हाळा ज्याने काढला आहे, तो यावर हसणार नाही.) मात्र नुसता बातमीदारही तो नव्हता, हे मला मान्य करावे लागते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे प्रतिनिधी लुई जॉन्सन मे महिन्यातच दिल्लीहून परतले होते. स्वतंत्र हिंदुस्थानाशी करार करून दोस्त राष्ट्रांनी येथे सैन्य ठेवण्यास आपली हरकत नाही, असे सांगणारे १ जुलैचे पत्र गांधीजींनी रूझवेल्टकडे पाठवले, ते फिशरच्याच हाती. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी अशा माणसाला वकील, म्हणजे दूत, म्हटले असते, फक्त याच्याजवळ सनद नव्हती.

ही गोष्ट मी एका १६ ऑगस्टला, १९४२ च्या चिमूर उठावाच्या स्मृतिदिनी, चिमूरला रंगवून सांगितली. टबाच्या प्रसंगावर सभा हसली. पुढे बसलेली एक म्हातारी मात्र हसली नाही, तिने विचारले, "गुरुजी, तो चिमूरले काहून नाही आला?" फिशर तोवर अमेरिकेला परतला होता आणि बातम्यांवर बंदी होती, असे मी सांगू लागलो. गोऱ्या पलटणीने येथील स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी आश्रमातल्या भन्साळींना ६३ दिवस उपोषण करावे लागले, त्याचीही बातमी सरकारने दाबली, तेव्हा ६ जानेवारी १९४३ रोजी वर्तमानपत्रांनी हरताळ पाळला, हे सारे मी तारीखवार सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माझी माय तवा घरातच होती." मी खाली बसलो.

तरुणपणी मी या पत्रकारांना जगाचे डोळे म्हणत असे. आज म्हणवत नाही. पण फिशर आला नसता तरी चालले असते, असेही म्हणवत नाही. पुढच्या वर्षी चिमूरकरांनी पुन्हा बोलावले, तेव्हा मी तब्येतीचे कारण सांगितले. तब्येत ठणठणीत होती.