शांततेत येणारे एक्सरन: सापडलं एकदाचं

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की माझ्या लिनक्सवरच्या गिटार-साखळीत ६४ फ्रेमवर (एका खेपेत हाताळायचे आवाजाचे नमुने) सगळं स्थिर झालंय, एक्सरन नाहीत (एक्सरन म्हणजे आवाजाचा पुढचा तुकडा वेळेत तयार न झाल्याने पडणारा खंड), आता ३२. ते विसरा. त्यानंतरचे तीन आठवडे मी ६४ वरच अडकून होते. काल रात्री साडेअकराला कारण सापडलं. ते कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नव्हतं, यूएसबीत नव्हतं, माझ्याच कोडमध्ये होतं.

आधी लक्षण सांगते. मांडणी तीच: यूएसबी इंटरफेस, ४८ किलोहर्ट्झ, ६४ फ्रेम, ३ पीरियड (बफरचे तुकडे), जॅक (लिनक्सवरचा ऑडिओ सर्व्हर), आणि त्यावर माझी घरगुती साखळी. गेट (हळू आवाज बंद करणारं), अँप सिम (अँपची नक्कल), कॅबिनेट (स्पीकरपेटीची नक्कल), शेवटी रिव्हर्ब (घुमारा). ६४ फ्रेम म्हणजे प्रत्येक कॉलबॅकला (दर ब्लॉकला बोलावल्या जाणाऱ्या माझ्या फंक्शनला) १.३३ मिलिसेकंद, आणि लोड मीटर १८ टक्क्यांवर निवांत. तासभर गिटार बडवा, एकही एक्सरन नाही. गिटार स्टँडवर ठेवा, वहीत दोन ओळी लिहायला घ्या, की थोड्या वेळाने स्पीकरमधून चट्-चट्-चट् सुरू. पुन्हा तार छेडली की गप्प.

काम असताना मशीन ठणठणीत आणि रिकामं बसलं की धाप. यावर कोणाचाही पहिला संशय जाईल तिथेच माझा गेला: प्रोसेसर डुलकी घेतोय. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर टाकला. खोल सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्या) बंद करायला सीपीयू-डीएमए-लेटन्सीच्या फाइलमध्ये शून्य लिहिलं आणि फाइल उघडी ठेवली (बंद केली की विनंतीही रद्द होते, यात मी पूर्वी एकदा फसले आहे). फरक काही नाही. मग वेबकॅम काढला, इंटरफेस दुसऱ्या यूएसबी कंट्रोलरवर नेला, मधला हब फेकला. हब तसाही फेकायच्याच लायकीचा होता. ऑडिओ इंटरफेस हबवर लावणाऱ्यांशी मी यापुढे वाद घालणार नाही.

मग रिअलटाइम कर्नल. ६.१२ पासून प्रीएम्प्ट-आरटी (कर्नलला रिअलटाइम करणारा बदल) मुख्य कर्नलमध्येच आलंय, पॅच लावायची कटकट संपली, त्यामुळे एका संध्याकाळचं काम होतं. सायक्लिकटेस्ट (थ्रेड किती उशिरा उठतो ते मोजणारी चाचणी) रात्रभर चालवली: कमाल ११ मायक्रोसेकंद. इतका सुंदर आकडा माझ्या मशीनवर मी कधी पाहिला नव्हता. फर्मवेअर मध्येच एसएमआय (कर्नलला न सांगता प्रोसेसर अडवणारा इंटरप्ट) मारत असेल म्हणून हार्डवेअर लेटन्सी डिटेक्टरही लावला, तोही कोरा. आणि सकाळी गिटार खाली ठेवली तर चट्-चट्-चट्.

खरं तर त्या ११ मायक्रोसेकंदांनंतर मी थांबायला हवं होतं. शेड्युलर वेळेवर उठवतोय, तरी डेडलाइन चुकतेय, म्हणजे उठल्यानंतर आपणच वेळ खातोय. पण आपल्याकडे एक्सरन म्हटलं की सगळे कर्नलकडेच बोट दाखवतात, आणि मीही साप साप म्हणून भुई धोपटत बसले.

शेवटी कंटाळून मोजायला बसले. लोड मीटर सरासरी दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका. कॉलबॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी घड्याळ वाचून फरक एका रिंग बफरमध्ये टाकला, आणि दुसऱ्या थ्रेडने तो फाइलमध्ये लिहिला. (कॉलबॅकमध्ये प्रिंट करून मोजणाऱ्यांना नमस्कार.) आलेख काढला आणि पाहतच राहिले. वाजवताना प्रत्येक ब्लॉक ०.२४ मिलिसेकंद, सरळ रेघ. हात थांबवल्यावरही तशीच रेघ. मग अचानक दीडेक सेकंदात पायऱ्या-पायऱ्यांनी चढण, आणि थेट १.३३ च्या वर. पायऱ्या मोजल्या. आठ. माझ्या रिव्हर्बमध्ये कोंब फिल्टर (आवाज उशिराने परत स्वतःत मिसळणारे) किती? आठ.

पुन्हा केलं, यावेळी घड्याळ लावून. हात थांबल्यापासून चढण सुरू व्हायला ४८ सेकंद. परत: ४७. परत: ४८. वेबकॅमला किंवा कर्नलला मी कधी वाजवणं थांबवलं हे कळायचं काही कारण नाही. मग रिव्हर्बचा काळ ४ सेकंदांवरून २ वर आणला. चढण २४ व्या सेकंदाला. त्या क्षणी मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

डीनॉर्मल! म्हणजे शून्याच्या इतक्या जवळच्या संख्या की प्रोसेसर त्या नेहमीच्या रूपात ठेवू शकत नाही. हिशोब बघा, फार गोड आहे. चार सेकंदांचा रिव्हर्ब म्हणजे ४ सेकंदांत ६० डेसिबल खाली, सेकंदाला १५. सिंगल प्रिसिजनमधली (३२ बिटांच्या दशांश संख्यांमधली) सर्वांत लहान नॉर्मल संख्या १.१८ गुणिले १० चा उणे ३८ वा घात, म्हणजे साधारण उणे ७५८ डेसिबल. कोंबमध्ये शिरतानाच सिग्नल मी अडतीस-चाळीस डेसिबलने खाली आणते. उरले ७२० च्या आसपास, भागिले १५, आले ४८. त्याखाली संख्या डीनॉर्मल होतात, आणि बऱ्याच इंटेल प्रोसेसरवर अशा एकेका गणिताला शंभरावर सायकल जातात. कानाला तर ही शेपूट चाळीस सेकंद आधीच संपलेली असते.

आणि ती आपोआप मरतही नाही. सर्वांत लहान डीनॉर्मलला ०.८ ने गुणा, राउंडिंग होऊन पुन्हा तीच संख्या येते. फीडबॅकमध्ये ती तशीच फिरत राहते, मी परत तार छेडेपर्यंत.

मग हे आधी का होत नव्हतं? कारण आधी गेट नव्हतं. एडीसीचा (इनपुटचे आकडे करणाऱ्या भागाचा) उणे शंभर डेसिबलच्या आसपासचा खरखराट सतत रिव्हर्बला खाऊ घालत होता, त्यामुळे तो इतका खाली कधी गेलाच नाही. दोन महिन्यांपूर्वी मी गेट लिहिलं, 'पूर्ण शून्य देतं, अजिबात हिस नाही' म्हणून इथेच मिरवलं, आणि त्याच पूर्ण शून्याने घात केला. भरीला भर म्हणजे माझा रिव्हर्ब फ्रीव्हर्ब या खुल्या कोडच्या रिव्हर्बच्या वळणावर बेतलेला आहे. मूळ कोडमध्ये अनडीनॉर्मलाइझ नावाचा मॅक्रो आहे. 'जुन्या पेंटियमच्या काळातलं खूळ' म्हणून तो मी स्वतःच्या हाताने उडवला होता. कमिट संदेशात तसं लिहिलंही आहे. वाचून लाज वाटली.

दुरुस्ती दोन बिटांची: प्रोसेसरच्या एमएक्ससीएसआर रजिस्टरमध्ये एफटीझेड आणि डीएझेड, म्हणजे डीनॉर्मलला सरळ शून्य समज. लावले, बिल्ड केलं, ४८ व्या सेकंदाला चट्-चट्. अर्धा तास डोकं धरून बसले. हे रजिस्टर प्रत्येक थ्रेडचं वेगळं असतं. मी बिट लावले मेन फंक्शनमध्ये, म्हणजे मुख्य थ्रेडवर, तेही ऑडिओ थ्रेड सुरू झाल्यानंतर. ओळ उचलून कॉलबॅकच्या अगदी वर ठेवली आणि रेघ सपाट झाली. ०.२४, शेवटपर्यंत. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी एक्सरन शून्य. सकाळी उठून तो सपाट आलेख मी दोनदा झूम करून पाहिला.

कोणी म्हणेल फास्ट-मॅथ (वेगासाठी गणिताचे नियम सैल करणारा कंपायलरचा पर्याय) लावलं असतं तर फुकटात झालं असतं. पूर्वी हो. जीसीसी कंपायलरच्या १३ व्या आवृत्तीपासून शेअर्ड लायब्ररी बनवताना ते बिट लावणारा तुकडा जोडला जात नाही, आणि ते योग्यच आहे. एका प्लगइनने अख्ख्या होस्टचं गणित बदलावं हे मला कधीच पटलं नाही. शिवाय फास्ट-मॅथमध्ये नॅनची ('ही संख्याच नाही' अशा निकालाची) तपासणी कंपायलर खुशाल काढून टाकतो. मला ती हवी आहे. एआरएम प्रोसेसरवाल्यांनो, तुमच्याकडे याच कामाला एफपीसीआर रजिस्टरचा २४ वा बिट.

आता ३२ फ्रेम. केबलने आउटपुट इनपुटला जोडून जॅक-आयओडिलेने जाऊन-येऊनचा उशीर मोजला: ६४ वर ८.१ मिलिसेकंद होते, ३२ वर ५.४. ५.४ मिलिसेकंदांत आवाज पावणेदोन-दोन मीटर जातो, म्हणजे अँपपासून दोन पावलांवर उभं राहिल्यासारखं. बोटांना फरक जाणवतो, निदान मला तरी वाटतो.

पण त्याच आलेखात आता दुसरं काहीतरी डोकावतंय. दर सोळाव्या ब्लॉकला एक सुळका. हा कॅबिनेटचा कॉन्व्होल्यूशन (गिटारच्या आवाजावर कॅबिनेटच्या नोंदवलेल्या प्रतिसादाची, म्हणजे इम्पल्सची, छाप मारणारं गणित): गार्डनरच्या १९९५ च्या पद्धतीने इम्पल्सचे लहान-मोठे तुकडे केलेत, आणि ५१२ च्या तुकड्याचा अख्खा एफएफटी (ते गणित वेगाने करायचं रूपांतर) एकाच कॉलबॅकमध्ये येऊन पडतो. ६४ वर तो खपून जात होता. ३२ वर हातात ०.६७ मिलिसेकंद आणि सुळका ०.५ चा, म्हणजे कधीतरी फुटणार.

बेत असा होता की यूएसबी इंटरफेसऐवजी संगणकात बसणारं पीसीआयई कार्ड घ्यायचं. तो बेत रद्द, दोष यूएसबीचा नव्हताच. मोठा एफएफटी मागच्या थ्रेडवर ढकलायचा, असं वरचा परिच्छेद लिहीपर्यंत ठरलं होतं. पण लिहिता लिहिता वाटलं, कॅबिनेटचा इम्पल्स २०४८ सँपलचा हवाच कशाला? ४३ मिलिसेकंदांपैकी मागच्या अर्ध्यात फारसं काही नाही. १०२४ वर कापला तर ३२ चे ३२ समान तुकडे होतात, प्रत्येक ब्लॉकला सारखंच काम, थ्रेड नको, लॉक नको. आज रात्री दोन्ही इम्पल्स आलटून पालटून, डोळे मिटून ऐकते. आणि बिल्डमध्ये एक चाचणी आत्ताच घातली आहे: एक सेकंद आवाज, नव्वद सेकंद शुद्ध शून्य, एकही ब्लॉक ०.३ मिलिसेकंदांवर गेला तर नापास.