पॅनिंग बिघडलं की आधी मागच्या रेघा बघा

पॅनिंग म्हणजे सायकलस्वारासारख्या पळत्या सब्जेक्टसोबत कॅमेरा फिरवत फोटो घेणं: सब्जेक्ट शार्प, मागचं सगळं ओढलेलं. असा फोटो बिघडला की पहिला संशय शटर स्पीडवर, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्यावर, जातो. १/३० सेकंदाचा १/६० होतो, मग १/१२५, मग १/२५०. शेवटी फोटो शार्प येतो खरा, पण सायकल स्टँडला लावून कुणी वर बसल्यासारखी दिसते. बिघाड बहुतेक वेळा कॅमेरा फिरवण्यात असतो, आणि तो नेमका कुठे झाला ते फोटोतच उमटलेलं असतं. फोटो १०० टक्के झूम करा, सब्जेक्ट क्षणभर बाजूला ठेवा आणि मागे एखादा चमकता ठिपका शोधा. पानांच्या फटीतला उजेड, काचेवरची तिरीप, काहीही चालेल. पॅनिंगमध्ये तो ठिपका ओढला जाऊन त्याची रेघ झालेली असते.

रेघ सरळ आणि आडवी आहे, तरी सायकलस्वार आडवा पुसट आलाय? मग दिशा बरोबर होती, वेग जुळला नाही. रेघ नागमोडी असेल तर कॅमेरा वर-खाली हलला, म्हणजे कोपरं अंगापासून सुटली. सपाट रस्त्यावर सगळ्याच रेघा तिरप्या आल्या, तर कॅमेरा एका बाजूला कलता ठेवून फिरवला गेलाय. रेघेच्या टोकाला हूकसारखा वळलेला आकडा दिसला तर बटण हलकं दाबायच्या ऐवजी जोरात हाणलंय. आणि टोकाला रेघेपेक्षा ठळक ठिपका असेल तर शटर बंद व्हायच्या आत कॅमेरा थांबला. ही शेवटची चूक सगळ्यात जास्त होते. 'क्लिक' ऐकू आलं की हात आपोआप थबकतो. फोटो निघाल्यावरही सब्जेक्टला आणखी २०-३० अंश सोडायचं नाही, एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम होतं.

उभं राहण्याची रीत साधी आहे, पण बरेच जण ती उलटी करतात. पाय सब्जेक्ट येतोय तिकडे करायचे नाहीत. जिथे फोटो घ्यायचा, म्हणजे सब्जेक्ट अगदी समोर येईल, तिकडे करायचे. मग कमरेतून मागे वळून त्याला लांबूनच व्ह्यूफाइंडरमध्ये धरायचं आणि तो जवळ येईल तसा कमरेचा पीळ सोडत जायचं. फोटोच्या क्षणी शरीर सगळ्यात सैल असतं. पाय आधीच वळवले तर त्याच क्षणी कंबर पिळलेली असते, आणि झटका तिथेच बसतो. फोकस पॉइंट सब्जेक्टच्या शरीराच्या एकाच खुणेवर ठेवा. धावणाऱ्याचं डोकं वर-खाली होतं, त्यापेक्षा छाती बरी.

आता आकडे. सायकलस्वार ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, तुमच्यापासून १० मीटरवरून जातोय. तो समोर असताना कॅमेरा सेकंदाला साधारण २९ अंश फिरायला हवा. १/३० ला शटर उघडं असेपर्यंत कॅमेरा जेमतेम १ अंश फिरतो. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सर), ५० मिमी लेन्स आणि ६००० पिक्सेल रुंद फोटो धरला, तर दूरची झाडं सुमारे १४० पिक्सेल ओढली जातात. १/१२५ ला तीसेक, १/५०० ला फक्त आठ. चाकाचंही तसंच: १/३० मध्ये ते अंदाजे २८ अंश फिरतं आणि स्पोकचा पातळ पडदा होतो, १/५०० ला स्पोक मोजून घ्या. म्हणून सायकलसाठी १/३० ते १/६०, धावणाऱ्यासाठी १/१५ ते १/३०, वेगातल्या मोटारसायकल किंवा कारसाठी १/६० ते १/१२५. शिकताना १/१२५ पासून एकेक पायरी खाली या.

भर उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ला १/३० ठेवलं तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/२२ इतकं लहान करूनही फोटो थोडा जास्तच उजळतो. शिवाय एवढ्या लहान ॲपर्चरला सेन्सरवरची धूळ उठून दिसते. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड आठव्या हिश्श्यावर आणणारी गडद काच) लावला की एफ/११ च्या आसपास येता येतं. मोबाइलला ॲपर्चर बहुधा बदलताच येत नाही, त्यामुळे प्रो मोडमध्ये शटर कमी करायचा तर सावली किंवा संध्याकाळ गाठा.

हाताचं हलणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझरचं बटण नक्की तपासा. नेहमीच्या मोडमध्ये काही लेन्स तुमचं आडवं फिरणंही 'हात हलला' समजून दुरुस्त करायला जातात. कॅननच्या आणि सोनीच्या बऱ्याच लेन्सवर त्यासाठी 'मोड २' असतो, त्यात फक्त उभं हलणं आवरलं जातं. निकॉनच्या स्टॅबिलायझरचा, म्हणजे व्हीआरचा, 'नॉर्मल' मोड पॅनिंग स्वतः ओळखतो.

एक तक्रार मात्र हातावर ढकलू नका: कारचा दरवाजा शार्प, पण पुढची आणि मागची टोकं पुसट. ही भूमिती आहे. ४ मीटर लांबीची कार ४ मीटरवरून जाते तेव्हा तिच्या टोकांचा कोनीय वेग मधल्या भागापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी असतो. कॅमेरा एकाच वेगाने फिरू शकतो. १५ मीटर मागे जाऊन लांब लेन्स लावली तर तोच फरक दोन टक्क्यांच्या आत येतो. जवळून, वाइड लेन्सनेच घ्यायचा असेल तर काय शार्प हवं ते आधी ठरवा, ड्रायव्हरचा चेहरा की पुढचं चाक, आणि फोकस पॉइंट त्यालाच चिकटवून ठेवा.