लॉट नंबर नसलेला लाल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी डाईंग मास्तर आहे. बावीस वर्षांत किती लाल काढले त्याला गणती नाही. डाळिंबी, मरून, विटकरी, राणीकडे झुकणारा. एका व्यापाऱ्याला तर 'कुंकू, पण ओलं' पाहिजे होतं, तेही काढून दिलं. रक्ताचा लाल मात्र कोणी मागितला नव्हता. मागच्या एप्रिलात तोही मागितला गेला.

मला भुताच्या सिनेमांचं वेड आहे हे कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. बॉयलरवरचा अण्णा तर मला 'भूतमास्तर'च म्हणतो. हे वेड शहराच्या पूर्व भागातल्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये लागलं. रमसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४चा, आमच्याकडे कॅसेट पोचेपर्यंत ती इतकी घासलेली असायची की भूत येण्याआधी पडद्यावर आडव्या रेघा यायच्या. आम्ही पोरं रेघांनाच घाबरायचो. नंतर कळलं की ते सात भाऊ, कोणी कॅमेऱ्यावर, कोणी आवाजावर, कोणी लिहायला. मला फार नवल वाटलं नाही. बाप मागावर, आई कांड्या भरायला, पोरं हाताखाली, हे आमच्या गल्लीत घरोघरी चालू होतं. फक्त ते चादरी काढत नव्हते, भुतं काढत होते.

पुढं मोबाइल आला आणि बाहेरचं बघायला मिळालं. १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मी कितीदा बघितला असेल सांगता येत नाही. पिट्सबर्गच्या आसपास जाहिराती काढणाऱ्या लोकांनी लाख-सव्वा लाख डॉलरात केलेला सिनेमा. आयत्या वेळी नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना टाकायची राहिली, आणि अमेरिकेच्या कायद्यानं सिनेमा सगळ्यांचा झाला. त्या बिचाऱ्यांचं नुकसान झालं, पण त्यामुळंच तो सोलापुरात बसून रात्री दोन वाजता फुकट बघता येतो. मोठ्या खर्चाच्या भुतांत मला मजा येत नाही. तिथं सगळं कॉम्प्युटरवर करतात. कमी पैशात केलेल्या भुतात कुठंतरी दोरी दिसते, आणि मी ती शोधत बसतो.

तर रक्ताचा लाल मागणारी ती पोरं. पाच जण होते. त्यातला दिग्दर्शक नवी पेठेत मोबाइल दुरुस्त करतो. त्यांना वीस मिनिटांची फिल्म करायची होती: डाईंग हाऊसमध्ये रात्रपाळीला एकटाच असलेला कामगार, आणि कितीही धुतले तरी लाल होणारे पांढरे टॉवेल. एकूण पैसे अठरा हजार, त्यातले चार हजार जेवणाचे. मी म्हटलं, एवढ्यात होतंय का? तो म्हणाला, "मास्तर, करमाळ्याचा माणूस 'फँड्री' करतो की. आपण वीस मिनटं करू शकत नाही काय?" नागराज मंजुळे आपल्या जिल्ह्याचा, यावर वाद घालायला जागाच नव्हती. मी शेठकडं शब्द टाकला. सुट्टीची रात्र मिळाली. शेठ एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमच्या जबाबदारीवर."

संध्याकाळी सातला पोरं आली. बाहेर अजून जमीन तापलेली होती. त्यांनी आणलेलं रक्त बघून मला हसू आवरेना. साखरेच्या पाकात मिठाईचा लाल. बादलीत बरं दिसत होतं, पण टाइल्सवर ओतलं की गुलाबाचं सरबत.

"उन्हात एकदम बरोबर होतं ओ," दिग्दर्शक म्हणाला.

असणारच. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं याच वाक्यावरून होतात. दोन रंग उन्हात जुळतात आणि ट्यूबखाली फाटतात, त्याला आम्ही मेटामेरिझम म्हणतो. म्हणून प्रत्येक डाईंग मास्तरकडं शेड बघायची पेटी असते. त्यात एक नळी उन्हाची, एक दुकानातल्या ट्यूबची, एक पिवळ्या दिव्याची, एक अल्ट्राव्हायोलेटची. मी त्यांचा दिवा पेटीशेजारी लावला, कॅमेऱ्याचा स्क्रीन पुढ्यात घेतला आणि लॅब डिप काढतात तसे वाटीवाटीत नमुने काढायला बसलो.

पहिली गोष्ट, रक्त काचेसारखं आरपार नसतं. पाक आरपार असतो, म्हणून पातळ थर पडला की गुलाबी होतो. १९८१च्या 'द इव्हिल डेड'वाल्यांनी यासाठी कॉर्न सिरपमध्ये कॉफीत घालायची पांढरी पावडर मिसळली होती. मी दूध पावडर घातली. पाकाऐवजी मिठाईवाले वापरतात ते लिक्विड ग्लुकोज आणवलं, ते ओघळताना घाई करत नाही. मग चिमूटभर निळा, कारण त्यांच्या दिव्याखाली लाल केशरीकडं पळत होता. शेवटी थोडा कोको. 'सायको'मध्ये १९६० साली रक्त म्हणून सरळ चॉकलेट सिरपच वापरलं होतं. सिनेमा काळा-पांढरा, कोण बघतंय. आम्हाला ती सोय नव्हती. नवव्या वाटीला शेड लागली. स्क्रीनवर थेंब पडला आणि त्यांच्यातलं सगळ्यात वांड पोरगं गप्प झालं. आजवर पास झालेल्या कुठल्याच शेडनं मला एवढं समाधान दिलं नसेल, आणि हिला तर लॉट नंबरही नव्हता.

दुसरा प्रश्न भुताचा. चादर पांघरलेलं भूत साऱ्या जगानं करून झालंय, आणि सोलापुरी चादर पांघरवली तर त्याच्या पाठीवर मोर येतील. मला पेटीतली अल्ट्राव्हायोलेट नळी आठवली. पांढऱ्या टॉवेलला आम्ही टिनोपॉल, म्हणजे पांढरेपणा उजळवणारी पावडर, देतो. त्या नळीखाली टिनोपॉल निळसर पेटतं. नळी काढून पाइपाला दोरीनं बांधली, उंच पोराला पांढऱ्या बाथ टॉवेलात गुंडाळलं, बाकीचे दिवे बंद केले. अंगाचा पत्ता नाही, नुसता टॉवेल अंधारात चालत आलेला. बॉयलर रूममधून चहा घेऊन येणारा अण्णा दारातच थबकला आणि तेलुगूत काहीतरी बोलला. मी विचारलं, त्यानं अर्थ सांगितला नाही.

इथंच माझी चूक झाली. मागं पांढऱ्या टॉवेलांचा ढीग पेटलेला दिसला तर काय बहार येईल म्हणून मी स्वतः डिस्पॅचच्या ट्रॉलीवरचं प्लॅस्टिक काढलं. एका हॉटेलची ऑर्डर, दोनशे चाळीस नग, ब्लीच होऊन, सॉफ्टनर लागून तयार. सकाळी अकराला गाडी येणार होती.

पहाटे पावणेचारला भुताचा पाय टॉवेलात अडकला, भूत बादलीवर, बादली ट्रॉलीवर. दहा लिटर.

कोणी ओरडलं नाही. ग्लुकोज असल्यामुळं ते सावकाश उतरत होतं, थरावरून थरावर, अगदी मी ठरवल्या गतीनं. अण्णा सोड्याचा डबा घेऊन पळत आला. डाग म्हटलं की त्याचा हात सोड्याकडं जातो. मी म्हणणार होतो, घाबरू नको, खायचा रंग आहे, सुताला तो धरत नाही, पाण्यानं जाईल. तेवढ्यात दिग्दर्शकाचा चेहरा दिसला.

"यात काय घातलायस बे?"

"बादलीत जरा फिकं वाटलं... म्हणून लॅबमधनं... थोडासा."

लॅबमधला म्हणजे रिॲक्टिव्ह. सुतावर कायमचा बसावा म्हणूनच केलेला रंग. आणि तो बसतो कशानं? सोड्यानं. नुसता असेपर्यंत धुऊन काढता येतो, सोडा लागला की तो धाग्याशी सोयरीक करतो आणि मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. अण्णाच्या हातातला डबा मी अक्षरशः हिसकावला. सोडा नाही, साबण नाही, गरम पाणी नाही. गार पाणी, नळी पूर्ण सोडा, आणि पिळू नका.

मग दिग्दर्शकाकडं वळलो. त्याच रात्री भूत तोंडातून रक्त ओकणार होतं. "तोंडात घ्यायचं यातलंच होतं का?" तो म्हणाला, नाही, ते आधीच स्टीलच्या ग्लासात वेगळं काढलेलं आहे. मी तो ग्लासही ओतून दिला. त्या पावडरीनं माणसाची छाती धरते, आम्ही तोंडाला फडकं बांधल्याशिवाय डबा उघडत नाही. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. टॉवेलांचं मी पुढं विसरलोही असतो, पण त्या ग्लासाचं अजून डोक्यातून जात नाही.

बावन्न टॉवेल लागले होते. अर्ध्या तासानं पाणी स्वच्छ यायला लागलं, पण टॉवेलवर गुलाबी छटा राहिलीच. सॉफ्टनरचा दोष. तो धन भाराचा, रंग ऋण भाराचा, धाग्यानं सोडलं तरी सॉफ्टनर धरून बसतो. आता हायड्रोस, म्हणजे रंग उडवायची पावडर, मारण्याशिवाय इलाज नव्हता. अण्णानं बॉयलर पेटवला. स्टीम येईपर्यंत मी एका टॉवेलचा कोपरा कापला, त्यावर वाटीतला उरलेला लाल ओतून मुद्दाम गडद केला, आणि बीकरमध्ये गरम पाणी, कॉस्टिक आणि हायड्रोस घालून आत सोडला. लॉटवर काही करण्याआधी असा तुकडा करून बघायची सवय आहे.

हायड्रोस लाल रंगाची कडीच तोडतो. बीकरमध्ये लाल आधी विटकरी झाला, मग कडेकडेनं पिवळट, मग गेलाच. मोजून दहा-बारा सेकंद. गंधकाचा उग्र वास सुटला. मी समाधानानं मान वर केली तर दिग्दर्शक बीकरला कॅमेरा चिकटवून बसलेला. एवढं बोलून घेतल्यावरही.

"मास्तर, परत एकदा करता?"

"आता काय करायलास? गाडी यायलीय अकराला."

"उलटं चालवतो. बघा."

त्यानं मोबाइलवर ते उलटं लावलं. स्वच्छ पाण्यात पांढरा कोपरा. कडेला पिवळट डाग, मग विटकरी, आणि आतून, धाग्याच्या पोटातून, लाल वर आला आणि टॉवेलभर पसरला. ओतणारा हात नाही, पडणारा थेंब नाही. टॉवेलला आतून रक्त फुटलेलं. त्यांच्या अख्ख्या गोष्टीत हाच प्रसंग होता आणि तो कसा करायचा हे माहीत नसल्यानं ते तिथं कॅमेरा फिरवून नुसती किंकाळी ऐकवणार होते. उलटी फिल्म ही सिनेमाइतकीच जुनी चाल, पण ती मला माझ्याच बीकरमध्ये बघायला मिळाली. बावीस वर्षं मी हायड्रोस मारतोय. बिघडलेला लॉट काढायचा म्हणून मारतो, तेव्हा डोळे घड्याळावर आणि डोक्यात शेठ. लाल जातो कसा, हे मी त्या पहाटेपर्यंत बघितलंच नव्हतं.

परत एकदा केलं. मग आणखी चारदा. एकदा मोठ्या पातेल्यात अख्खा टॉवेल घेतला, अण्णा बॅटरी धरून उभा, आणि तोच म्हणाला, "मास्तर, जरा हळू सोडा की, घाईत मजा जाते."

बाकी धावपळ सांगण्यासारखी नाही. मशीनमध्ये ऐंशी अंशावर अर्धा तास, धुणं, ॲसिटिक, पुन्हा टिनोपॉल, पुन्हा सॉफ्टनर, पिळणी, ड्रायर. पोरांनी ट्रॉल्या ओढल्या, भुतानं स्वतः फरशी घासली. ग्लुकोजवर आलेल्या मुंग्या मात्र पुढं आठवडाभर होत्या. आठला चेकिंगच्या अक्का आल्या. त्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी एकेक टॉवेल पेटीत धरून बघितला आणि तीन बाजूला टाकले.

"हे सेकंडमध्ये. पांढरा नाही हा, लाजलाय."

ते तीन आणि पातेल्यातला कोपरा कापलेला एक, अशा चार टॉवेलचे पैसे मी भरले. दोनशे छत्तीस नग गाडीत गेले, चार दुसऱ्या दिवशी पाठवले. शेठनी चलनावरचा आकडा वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि "झाली का तुमची फिल्म?" एवढंच विचारलं.

चार दिवसांनी रंग चढवायला उभा असताना दिग्दर्शकाचा फोन आला. प्रसंग जोडून झाला होता, टॉवेलवाला शॉट त्याच्या आईनं बघितला आणि वाळत घातलेले टॉवेल आत आणून ठेवले म्हणे. मग आवाज बारीक करून म्हणाला, पुढच्या गोष्टीत विहिरीतून काळं काहीतरी वर येतं, दाट, तर काळा काढता येईल का?

मी त्याला सांगितलं की काळा सगळ्यात अवघड. आमचा काळा पातळ झाला की निळा दिसतो, त्याच्यावर पिवळा-लाल चढवून त्याला मारावा लागतो, आणि कॅमेऱ्याचं तर विचारूच नकोस. लॅबला आता कुलूप असतं, तेही सांगितलं. मग मशीनचा आवाज जरा कमी असलेल्या कोपऱ्यात गेलो आणि विचारलं, विहीर कुठली बघितलीय, आणि किती लिटर लागेल.