कुंभारणीने बुजवलेली भोके

पावसाळा संपून रस्त्याकडेचा चिखल वाळू लागला, की सावंतवाडीतल्या माझ्या गॅरेजमध्ये मोटरहोमवाल्यांचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्यांचे, फोन सुरू होतात. मी मूळचा ऑटो इलेक्ट्रिशियन. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याच्या आगेमागे अशी पहिली गाडी माझ्या दारात उभी राहिली, आणि गाडीची विजेची कामे करता करता तिच्यातल्या घराची, म्हणजे नळाची, गॅसची, फ्रिजची आणि छपराची कामेही माझ्या गळ्यात पडली. पावसाळ्यानंतरच्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. छपरावरच्या झरोक्याच्या कडेचे सीलंट उकलून आतले प्लायवूड भिजलेले असते, गाद्यांना बुरशी आलेली असते, चार महिने पडून राहिलेली बॅटरी बसलेली असते. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या एका रविवारी सकाळी शिरोड्याहून फोन आला आणि ‘पंप पाणी ओढत नाही’ एवढेच ऐकले, तेव्हा ते तासाभराचे किरकोळ काम असेल असे मी गृहीत धरले.

गाडीचे मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते होते. ते आणि त्यांच्या पत्नी कोल्हापूरहून आजरा-आंबोलीमार्गे खाली उतरून वेळागरच्या किनाऱ्यालगत सुरूच्या सावलीत मुक्कामाला थांबले होते. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली त्यांची गाडी जूनपासून कोल्हापुरात पत्र्याच्या शेडखाली उभी होती आणि पावसाळ्यानंतरची ही तिची पहिलीच सहल होती. मी मदतनीस बाबूला मागे बसवून मोटरसायकलने मळेवाडमार्गे तिथे पोहोचलो, तेव्हा काकांनी पहिली गोष्ट दाखवली ती नव्या पंपाचा रिकामा खोका. घरून निघण्याआधीच पाणी तुटक येत होते, म्हणून त्यांनी दुकानातून नवा पंप आणून स्वतःच बसवला होता. जुना पंप जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. नव्यानेही तेच चालवले होते.

“पाटबंधाऱ्यात छत्तीस वर्षं काढली, आणि शंभर लिटरच्या टाकीतून पाणी काढता येईना,” काका म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, “आधी त्यांना चहा तरी घेऊ दे.”

मी नळ उघडला. सुरुवातीला पाणी जोरात आले, मग धार बारीक होत गेली आणि पंपाचा आवाज बदलला. पाणी ओढणाऱ्या पंपाचा आवाज भरीव असतो. हा घुसमटल्यासारखा, ओढून ताणून काम करत असल्यासारखा येत होता. अशा वेळी बहुतेक जण फ्यूज आणि वायरी तपासतात, मीही तेच केले, पण पंप चालू असताना त्याच्या टोकांवर मीटर लावला तर साडेबारा व्होल्ट दिसत होते. म्हणजे वीज पुरेशी होती. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी काढून पाहिली, तीही स्वच्छ होती. दहा मिनिटे थांबून नळ पुन्हा उघडला तर पुन्हा थोडा वेळ पाणी आले. जो पंप विश्रांती घेतल्यावर बरा होतो, तो सहसा बिघडलेला नसतो. त्याला कोणीतरी मागे खेचत असते.

मी बाकड्यावरची गादी आणि फळी उचलली. खाली प्लास्टिकची टाकी होती आणि तिच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या, एखाद्या म्हाताऱ्याचे गाल बसावेत तशा. मी बाहेर जाऊन पाणी भरायच्या तोंडाचे झाकण फिरवले. भस्सकन हवा आत शिरली आणि गाडीच्या आतून टाकी जागेवर येतानाचा ‘डब्ब’ असा आवाज आला. झाकण उघडे ठेवून बाबूने नळ सुरू केला, तर धार अशी आली की भांड्याबाहेर उडाली.

काकांना काही समजावून सांगावे लागले नाही. “अहो, एअर व्हेंट बंद झालाय!” ते स्वतःच म्हणाले आणि कपाळावर हात मारून घेतला. टाकीतून जेवढे पाणी बाहेर जाते तेवढीच हवा आत यावी लागते. त्यासाठी टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी काढून गाडीच्या तळाखाली मोकळी सोडलेली असते. ती बंद झाली की पंप टाकीत पोकळी निर्माण करत राहतो आणि काही वेळाने त्या पोकळीशीच त्याची झुंज सुरू होते. अशा वेळी नवा पंप घेणे म्हणजे नाक चेपल्यामुळे गुदमरणाऱ्या माणसाला दुसरे फुप्फुस बसवण्यासारखे आहे, पण दुकानदार ते सांगत नाही, आणि त्याला ते ठाऊक असेलच असेही नाही.

मी चटई टाकून गाडीखाली शिरलो. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला नळीचे टोक सापडले. बोट आत जाईल एवढे तिचे तोंड होते आणि ते राखाडी-तांबूस मातीने इतके सफाईने लिंपलेले होते की तो कंपनीनेच बसवलेला बूच वाटावा. स्क्रूड्रायव्हरने खरवडले तेव्हा मातीचा पापुद्रा निघाला, त्यामागे एक कोठडी होती आणि तिच्यात पाच-सहा बारीक हिरव्या अळ्या दाटीवाटीने भरलेल्या होत्या, जिवंत पण हालचाल नसलेल्या. कुंभारणीचे काम. ही माशी अळ्यांना डंख मारून बधिर करते, कोठडीत आपल्या अंड्याजवळ रचून ठेवते आणि तोंड मातीने बंद करते, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाला ताजे अन्न मिळते. दाराच्या कुलपाची भोके, खिडकीतल्या स्क्रूची भोके तिने बुजवलेली आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. शेडखाली चार महिने न हललेली, तळाला जागोजागी भोके असलेली गाडी तिला मिळाली, तर ती ती का सोडेल?

आणि हाच विचार मनात येताच मी गाडीखाली आडवा असतानाच थबकलो. पाण्याच्या नळीखेरीज या गाडीच्या तळाला आणखी दोन भोके मुद्दाम ठेवलेली असणार होती. ती गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरात गळती झाली तर तो फरशीवर पसरतो आणि दाराखालच्या फटीतून निदान काही तरी बाहेर जातो. मोटरहोमची जमीन मात्र चारही बाजूंनी बंदिस्त असते. म्हणून सिलिंडर आतल्या खोलीपासून वेगळ्या कप्प्यात ठेवतात, त्याचे दार बाहेरून उघडते आणि तळाला भोके असतात, जेणेकरून गळलेला गॅस सरळ खाली जमिनीवर जावा. मी सरपटत पुढे गेलो. एक भोक मातीने लिंपलेले होते. दुसऱ्यावर मातीही नव्हती. ते एम-सीलने बुजवलेले होते.

मी बाहेर येऊन बाबूला कप्प्याचे दार उघडायला सांगितले. त्याने दार उघडले, आत वाकला आणि लगेच मागे झाला. “दादानू, गॅसाचो वास येता हां.”

आतल्या शेगडीवर काकूंनी आमच्यासाठी चहा ठेवलेला होता.

पुढचे मिनिटभर मी एरवी बोलतो त्यापेक्षा बऱ्याच चढ्या आवाजात बोललो, त्याबद्दल नंतर त्यांची क्षमाही मागितली. बाबूने तेवढ्यात सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला होता आणि नळीतला उरलेला गॅस संपून शेगडीही विझली. पण काकांना वास कळताच त्यांचा हात सवयीने एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे गेला होता. “काका, बटणाला हात लावू नका! काकू, आहे तसं सोडून खाली उतरा. मोबाइल कोणीही काढू नका.” बटण चालू करताना जशी ठिणगी पडते तशी बंद करतानाही पडते, त्यामुळे चालू असलेला दिवाही चालूच राहू द्यायचा. दोघे उतरल्यावर आम्ही दोन्ही दारे आणि बाहेरून उघडता येतील तेवढ्या खिडक्या उघडल्या आणि चौघेही वाऱ्याच्या उलट दिशेला सुरूच्या झाडांमध्ये जाऊन अर्धा-पाऊण तास बसलो. समुद्रावरून चांगला वारा सुटलेला होता, ही त्या दिवसाची कृपा.

तिथे बसल्यावर मला जे आठवले, त्याने घाम फुटला. पाण्याच्या पंपावर एक प्रेशर स्विच असतो. नळ उघडला की तो जोडला जातो, बंद केला की तुटतो, आणि चार-पाच अँपिअरचा प्रवाह तोडताना त्याच्या टोकांमध्ये दर वेळी बारीक ठिणगी उडते. हा पंप त्या बाकड्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर होता. काकूंनी चहासाठी रेग्युलेटर उघडल्यानंतर मी तो पंप किती वेळा चालू-बंद केला होता, हे मला मोजायचे नव्हते. हवेत या गॅसचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. बाकड्याखाली ते किती झाले होते हे कळायला मार्ग नव्हता. वास यावा म्हणून गॅसमध्ये मर्कॅप्टन मिसळलेले असते आणि ते धोक्याच्या कितीतरी आधी नाकाला कळते, पण नाक साडेपाच फुटांवर आणि गॅस जमिनीलगत असला तर त्याचा उपयोग कमी. त्यात दार-खिडक्यांतून वारा खेळत होता. चूक माझीही होती: कुठल्याही मोटरहोममध्ये मीटर बाहेर काढण्याआधी ‘गॅस बंद आहे का’ हे विचारायला हवे होते, आणि मी पाण्याच्या कामाला आलो आहे म्हणून ते विचारलेच नाही.

हवा पूर्ण खेळल्यावर आम्ही गळती शोधली. त्यासाठी भांडी घासायच्या साबणाचे दाट पाणी आणि जुना दाढीचा ब्रश पुरतो. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजूनही आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो. रेग्युलेटर क्षणभर उघडला आणि कप्प्यात रबरी नळी शेगडीकडे जाणाऱ्या पाइपावर जिथे चढवली होती, तिथल्या क्लिपखालून फेसाचा बुडबुडा फुगत गेला. नळीवर छापलेले वर्ष पाहिले तर तिला सहावे वर्ष लागले होते. घरातल्या ओट्याखाली न हलणारी नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते. इथे तर तिने घाट आणि खड्डे झेललेले. टोकाला तिला केसासारखी चीर गेली होती.

राहिला प्रश्न कप्प्यातला गॅस खोलीत कसा आला याचा. गाडी बांधणाऱ्याने कप्प्यातून आत एक वायर नेली होती, दहा मिलिमीटरच्या भोकातून तीन मिलिमीटरची वायर, आणि उरलेली फट तशीच सोडली होती. खालची भोके उघडी असती तर हे चालून गेले असते. ती बुजल्यावर गॅसला जायला तीच एक वाट उरली आणि ती थेट बाकड्याखाली निघत होती. गॅसची सूचना देणारा अलार्मही गाडीत होता, त्याचा हिरवा दिवा नीट लागलेला होता, पण तो बसवला होता छताला, शेगडीच्या वर. जड गॅसचा अलार्म जमिनीपासून फूटभराच्या आत असावा लागतो. छतावर पोहोचेपर्यंत वाट पाहिली असती तर त्याने वाजून कोणाला सांगितले असते, देव जाणे.

एम-सीलचा विषय मी काढला नव्हता. काकूंनीच तो काढला. “ते भोक मीच बुजवायला लावलं यांना. गेल्या वर्षी तिथून झुरळं येत होती, आणि लाल धूळ. मला काय माहीत, ते मुद्दाम ठेवलेलं असतं म्हणून?” त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते. गाडी ताब्यात देताना त्यांना टीव्ही कसा लावायचा आणि सोफ्याचा पलंग कसा करायचा हे दाखवले गेले होते. रोज रात्री रेग्युलेटर बंद करायचा, ही काकूंची घरची सवय गाडीतही सुटली नव्हती, आणि त्या आठवड्यात ते दोघे रात्री दारे-खिडक्या लावून सुखरूप झोपले ते केवळ त्यामुळे.

दुपारी शिरोडा बाजारातून मानक शिक्का असलेली तारेच्या अस्तराची नळी आणि नव्या क्लिपा आणल्या, चहाही तिथेच टपरीवर घेतला. नळी गरजेपुरतीच लांब ठेवली. एम-सील लाकडी खुंटीने ठोकून पाडले, दोन्ही भोकांवर स्टेनलेस स्टीलची जाळी बसवली. तीही फार बारीक घेऊ नये, नाहीतर धुळीने तीच बुजते. वायरीच्या भोकात ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेत बसणारी रबरी कडी, घालून भोवती सीलंट भरले आणि अलार्म खाली आणला. पाण्याच्या नळीचे तोंड खाली वळवून त्यावरही जाळी लावली. मग काकूंनी स्वतः ब्रश हातात घेऊन रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंतचा एकेक सांधा साबणाच्या पाण्याने तपासला आणि मी फक्त पाहत राहिलो.

काकांनी पुढच्या पावसाळ्यासाठी काय करावे ते विचारले. मी त्यांना सांगितले की गाडी शेडखाली लावण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून झाकण उघडे ठेवा आणि त्यावर मलमल बांधा, सिलिंडर काढून घरी ठेवा, बॅटरीची तार सोडा, आणि नळ्यांची तोंडे कापडाने बांधलीत तर किती बांधली त्याचा आकडा एका पुठ्ठ्यावर लिहून तो स्टिअरिंगला अडकवा. ऑक्टोबरात ते सारे सोडल्याशिवाय पुठ्ठा काढायचा नाही. छपराच्या झरोक्याला स्वयंपाकघरातले सिलिकॉन फासू नका, हेही सांगितले, कारण एकदा ते लागले की त्यावर दुसरे सीलंट नीट धरत नाही.

पैसे देताना त्यांनी नवा पंप दुकानदार परत घेईल का, असे विचारले. बसवलेला पंप कोणी परत घेत नाही. टॉवेलातला जुना पंप मी जागेवरच बॅटरीला जोडून पाहिला, तो उत्तम चालत होता. त्यांनी तो मलाच देऊन टाकला. माझ्या गॅरेजमध्ये सुटे भाग धुवायच्या टाकीला तो लावलेला आहे आणि अजून एकदाही अडलेला नाही.