मृगातून पळालेल्या दोन ताऱ्यांचा माग

एई ऑरिगी हा तारा सारथी तारकासमूहात, म्यू कोलंबी हा कपोतात. आज आकाशात दोघांमध्ये सुमारे ६७ अंशांचं अंतर. दोघेही मृगातल्या तेजोमेघाकडून जवळपास विरुद्ध दिशांना सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगाने निघालेत, हे ब्लाऊ आणि मॉर्गन या खगोलशास्त्रज्ञांनी १९५४ सालीच दाखवलं होतं. ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या हिप्पार्कोस उपग्रहाच्या मोजमापांवरून पुढे चित्र असं ठरलं: सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी दोन जोडतारे एकमेकांजवळ आले, दोन तारे बाहेर फेकले गेले आणि उरलेल्या दोघांची जोडी म्हणजे आयोटा ओरायनिस. त्याच कामासाठी नंतर सोडलेल्या गाया यानाच्या आकड्यांवर आम्ही हा माग पुन्हा काढला, आणि मागे नेलेले तारे फार थोड्या वेळा जवळ येतात हा परीक्षकाचा आक्षेप अजून मनातून जात नाही.

सेकंदाला १ किलोमीटर वेग म्हणजे दहा लाख वर्षांत जवळपास १ पार्सेक (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं). त्यामुळे वेगात एवढीच चूक झाली, तरी २५ लाख वर्षांत तारा अडीच पार्सेक सरकतो, आणि ते जिथून निघाले त्या तारकागुच्छाचा गाभा तर एक पार्सेकही भरत नाही. निजगती, म्हणजे ताऱ्याचं आकाशात आडवं सरकणं, गाया उत्तम देतं. घोळ पॅरलॅक्समध्ये होतो, म्हणजे पृथ्वीच्या भ्रमणामुळे तारा जो किंचित हललेला दिसतो आणि ज्यावरून अंतर काढतात, त्या कोनात. २.५ मिलि-आर्कसेकंदांच्या (अंशाच्या ३६ लाखाव्या भागाला एक मिलि-आर्कसेकंद म्हणतात) पॅरलॅक्समध्ये ०.१ इकडेतिकडे झालं की अंतर चार टक्क्यांनी बदलतं, आणि आडवा वेगही तेवढाच. त्यात हे तारे गायासाठी फार तेजस्वी, म्हणून मोजमाप बिघडतं. आयोटा तर तिसऱ्या प्रतीचा. आरयूडब्ल्यूई (मोजमापाचा मेळ किती बिघडला ते सांगणारा गायाचा आकडा) १.४ च्या वर गेला की तारा सरसकट गाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

या ताऱ्यांचा दृष्टिरेषेतला वेग, म्हणजे आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग, गायाकडून मिळतच नाही. त्याचा वर्णपटमापक ८४५ ते ८७२ नॅनोमीटरमधल्या कॅल्शियमच्या रेषांवर बेतलेला आहे, आणि तीस हजार केल्विनच्या वरच्या ताऱ्यात त्या नसतात. जमिनीवरच्या दुर्बिणीतून हेलियमची ४४७.१ नॅनोमीटरची रेषा मोजावी लागते. आयोटा २९ दिवसांची, ०.७६ विकेंद्रतेची, म्हणजे बऱ्याच लांबट कक्षेची, जोडी आहे. पूर्ण कक्षा बसवून वस्तुमानकेंद्राचा वेग काढला नाही, तर एका रात्रीचा वर्णपट काहीच्या काही सांगतो.

मग त्रुटींच्या मर्यादेत आकडे बदलत, ताऱ्यांच्या कक्षा पुन्हा पुन्हा काळात मागे चालवायच्या आणि किती वेळा ते जवळ येतात ते मोजायचं. पॅरलॅक्स आणि निजगतीच्या त्रुटी सहप्रसरणासकट (एका त्रुटीचं दुसरीशी असलेलं नातं धरून) एकत्र उचलायच्या, सुट्या सुट्या नाहीत. गुच्छालाही त्याच्या स्वतःच्या वेगाने मागे न्यायचं, हे बरेचजण विसरतात.

आमच्या परीक्षकाचा आक्षेप होता की, इतक्या थोड्या वेळा तारे जवळ येतात, म्हणजे नातं नाही. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. समजा, दोन तारे खरोखर एकाच बिंदूतून निघाले आणि प्रत्येकाच्या मागच्या स्थानात तिन्ही अक्षांवर ५ पार्सेकची त्रुटी आहे. तरी सर्वाधिक वेळा दिसणारं अंतर १० पार्सेकच निघतं. एक पार्सेकच्या आत ते लाखात फक्त ७५ वेळा येतात! थोड्या भेटी हा नकाराचा पुरावा नव्हे. योगायोगाने किती भेटी होतात, हे त्याच भागातल्या इतर ताऱ्यांवर तीच रीत चालवून पाहायचं आणि तुलना त्याच्याशी करायची. उत्तरात आम्ही हेच लिहिलं आहे, आणि आयोटाच्या कक्षेसाठी नवे वर्णपट मागितले आहेत.