जुना क्वाड घरी आणताना

पॉवर अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकरना ताकद पुरवणारं यंत्र) वेगळा, आणि तोही क्वाड या ब्रिटिश कंपनीचा जुना, घ्यायचा ठरला तो पखवाजामुळे. घरातल्या ४० वॅटच्या इंटिग्रेटेड (व्हॉल्यूम, निवड आणि पॉवर एकाच पेटीत असलेल्या) अ‍ॅम्प्लिफायरवर ख्याल, ठुमरी, नाट्यगीतं अगदी छान वाजायची. पण ध्रुपद लावलं आणि आवाज जरा मोकळा ठेवला, की पखवाजाच्या जोरकस थापेबरोबर गायकाचा स्वरही दबायचा, कडांना खरखरीत व्हायचा. थाप सरली की स्वर पुन्हा स्वच्छ. आधी रेकॉर्डिंगचाच दोष वाटला. मग तेच रेकॉर्डिंग चांगल्या हेडफोनवर ऐकलं, तिथे स्वर स्वच्छ होता.

कारण साधं आहे. माझे स्पीकर छोटे बुकशेल्फ, संवेदनशीलता ८६ डेसिबल. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. दहा डेसिबल जास्त हवे असतील तर दहापट वॅट लागतात, वीस डेसिबलला शंभरपट. एरवी गाणं एखाद्या वॅटवर चाललेलं असतं, पण पखवाजाची थाप सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर उसळी घेते. तेवढ्या क्षणापुरते ४० वॅट संपतात, सिग्नलचा माथा कापला जातो आणि त्याच क्षणी गाणाऱ्याचा स्वरही त्या कापण्यात सापडतो.

माझ्या इंटिग्रेटेडला प्री-आउट, म्हणजे व्हॉल्यूमनंतरचा सिग्नल बाहेर काढायची जागा, आहे. त्यामुळे व्हॉल्यूम आणि निवडीची बटणं त्याचीच ठेवून स्पीकर चालवण्याचं काम वेगळ्या पॉवर अ‍ॅम्पकडे देता येणार होतं. हव्या त्या दर्जाच्या नव्या पॉवर अ‍ॅम्पच्या किमती लाखाच्या पुढे होत्या, तेव्हा जुन्यात शोधायला लागले. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे अट एकच होती: ज्याचं सर्किट डायग्राम सहज मिळतं आणि जो पुण्यात बसून दुरुस्त करता येईल असाच घ्यायचा. चकचकीत मीटरवाले, तीस-तीस किलोचे अमेरिकन अ‍ॅम्प या अटीने बरेच गळाले. त्यातले कितीतरी १२० व्होल्टचे. त्यांना वेगळा जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि अनेकांच्या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोड्या आता मिळत नाहीत.

उरला तो क्वाड ४०५. इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावात बनलेला, १९७५ साली आलेला. पीटर वॉकर आणि मायकेल अल्बिन्सन यांनी त्यात ‘करंट डंपिंग’ नावाची रचना वापरली आणि १९७८ मध्ये तिला ब्रिटनचा क्वीन्स अवॉर्ड मिळाला. कल्पना फार देखणी आहे. आत एक छोटा, अतिशय शुद्ध क्लास-ए अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याच्या जोडीला नुसता करंट पुरवणारे दणकट ट्रान्झिस्टर. मोठ्या तराजूवर एकाने किलोची वजनं धाडधाड टाकावीत आणि दुसऱ्याने शेवटचे ग्रॅम सांभाळून काटा मधोमध आणावा, तसं त्यांचं काम चालतं. चार घटकांचा एक ब्रिज असा जुळवलेला असतो, की दणकट ट्रान्झिस्टरांची चूक आउटपुटवर पोचतच नाही.

जुनं घेणाऱ्याच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट वेगळीच. नेहमीच्या क्लास-एबी अ‍ॅम्पमध्ये बायस करंट (सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) एका छोट्या प्रीसेटने, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायच्या रेझिस्टरने, जुळवावा लागतो, आणि वर्षांनुवर्षांत तो सरकतो. ४०५ मध्ये असं जुळवण्याजोगं काही नाहीच. त्यामुळे चाळीस वर्षांत कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हरने काही फिरवून ठेवलंय का, ही काळजी उरत नाही. १९८२ च्या सुमारास त्याची ४०५-२ ही सुधारित आवृत्ती आली. कमी इम्पिडन्सच्या (करंटला कमी विरोध करणाऱ्या) स्पीकरना ती जास्त करंट देऊ शकते. माझे स्पीकर काही फ्रीक्वेन्सीला पाच ओहमच्या खाली उतरतात, म्हणून मला ४०५-२ च हवा होता.

तो मुंबईत दादरला एका काकूंकडे मिळाला. त्यांच्या यजमानांनी लंडनला नोकरीत असताना घेतलेला. ते गेल्यापासून बंदच होता. फोनवर मी पहिली विनंती केली ती ही, की मी येईपर्यंत कृपा करून तो चालू करून बघू नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर जो आज ठीक आहे तोही मरू शकतो. काकू म्हणाल्या, “अगं, यांनी तर आम्हाला कुणाला हातही लावू दिला नाही कधी. तूच ये आणि बघ.”

जाताना सिरीज बोर्ड बरोबर नेला. शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक सॉकेट. रेडिओ दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात असतो तसाच. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि अ‍ॅम्प वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर झळकतो, कपॅसिटर भरले की मंदावतो.

आधी झाकण उघडलं. काकूंनी हरकत घेतली नाही, आणि विकणारा झाकण उघडू देत नसेल तर मी तो व्यवहार तिथेच सोडला असता. आत धूळ होती, पण स्क्रू सगळे जागच्या जागी आणि त्यांच्या खाचा न झिजलेल्या. दोन्ही चॅनेलच्या बोर्डांवरचं सोल्डर एकाच हाताचं, एकाच रंगाचं. कुठे फ्लक्सचे तपकिरी डाग नाहीत, जळल्याचा वास नाही. मधले दोन मोठे कपॅसिटर, १०,००० मायक्रोफॅरड आणि ६३ व्होल्टचे, वरून सपाट होते, पण एकाच्या तळाशी वाळलेला चिकट ओघळ दिसला. ते बदलावे लागणार हे तिथेच कळलं.

मग सिरीज बोर्डवर लावला. बल्ब झळकला आणि हळूहळू तांबूस तारेपुरता उरला. आउटपुटवर मीटर लावून डीसी (स्थिर व्होल्टेज) बघितला, दोन्ही चॅनेलना १० मिलिव्होल्टच्या आत. हे माप मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या अ‍ॅम्पच्या आत अधिक-उणे ५० व्होल्टची सप्लाय आहे. एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असेल तर ते सगळे व्होल्ट थेट स्पीकरच्या कॉइलवर जातात आणि वूफर जळतो. म्हणून डीसी मोजल्याशिवाय कुठल्याही जुन्या अ‍ॅम्पला स्पीकर लावू नये. खातरजमा झाल्यावर बरोबर नेलेला एक साधा स्पीकर आळीपाळीने दोन्ही बाजूंना लावला. सौदा ३२,००० रुपयांत झाला. काकूंनी मूळ मॅन्युअलही काढून दिलं, पानांच्या कडेला यजमानांच्या बारीक अक्षरातल्या नोंदी. नऊ किलोचं ते धूड मांडीवर घेऊन डेक्कन क्वीनने पुण्याला आले.

दुरुस्ती बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या जवळ बसणाऱ्या एका जुन्या मेकॅनिकच्या टेबलावर झाली. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सुटे भाग मात्र मी अधिकृत वितरकाकडून मागवले. बाजारात मिळणारे पॉवर ट्रान्झिस्टर आणि मोठे कपॅसिटर यांत नकली मालाचं प्रमाण इतकं आहे, की वरची छपाई बघून काही ठरवता येत नाही. एका दुकानातून पूर्वी आणलेल्या ‘१०,००० मायक्रोफॅरड’च्या कपॅसिटरने कॉलेजच्या लॅबमध्ये जेमतेम निम्मी किंमत दाखवली होती.

अण्णांची काम करायची पद्धत बघण्यासारखी. झाकण काढल्यावर पहिल्यांदा त्यांनी एक किलोओहमचा, पाच वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घेतला, त्याच्या पायांना क्लिपा लावल्या आणि मोठ्या कपॅसिटरच्या टोकांना जोडला. शेजारी मीटर. आकडा ५० वरून ३०, २०, १० असा उतरत गेला. दहा हजार मायक्रोफॅरडला एक किलोओहम म्हणजे टाइम कॉन्स्टंट दहा सेकंदांचा, त्यामुळे एक व्होल्टच्या खाली यायला पाऊण मिनिट लागतंच. तेवढा वेळ अण्णा हात मागे बांधून उभे. “स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे पुष्कळ बघितले ताई,” ते म्हणाले. “कपॅसिटर पण जातो आणि हात पण.” मग तेच दुसऱ्या कपॅसिटरला.

दोन मोठे कपॅसिटर बदलले. त्यांचं रेटिंग मी मुद्दाम ८० व्होल्टचं घेतलं, कारण आमच्या भागात रात्री उशिरा लाइन २५० व्होल्टपर्यंत चढते आणि त्या प्रमाणात आतली सप्लायही. बोर्डांवरचे छोटे इलेक्ट्रोलिटिकही नवे टाकले. हीटसिंकवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली. एवढंच. ४०५ मध्ये ‘सुधारणा’ करून देणारी किट भरपूर मिळतात आणि ४०५-२ च्या इनपुटची मूळ टीएल ०७१ आयसी काढून महागडी बसवण्याचा सल्लाही सगळीकडे ऐकू येतो. मला ते पटत नाही. ज्या माणसांनी तो ब्रिज इतक्या विचाराने जुळवला, त्यांच्या मापांना कारणाशिवाय हात लावू नये. भाग आणि मजुरी धरून साडेसहा हजार रुपये लागले.

घरी जोडताना खरी मेहनत झाली ती गेन, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढतो ते, जुळवताना. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. क्वाड ४०५ ला पूर्ण १०० वॅट द्यायला इनपुटवर अर्धाच व्होल्ट पुरतो. तो त्या काळातल्या क्वाडच्या प्री-अ‍ॅम्पसाठी जुळवलेला आहे. आजची साधनं दोन-दोन व्होल्ट देतात. परिणाम असा, की व्हॉल्यूमचं बटण जरासं हलवलं तरी घर दणाणतं, आणि वापरायची सगळी जागा पोटेन्शोमीटरच्या (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागाच्या) अगदी सुरुवातीच्या टोकाला येते. तिथे त्याचे डावे-उजवे ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत. हळू आवाजात गायिका मधून सरकून डावीकडे जाऊन बसते. शिवाय प्री-अ‍ॅम्पची सूक्ष्म सरसर स्पीकरमधून ऐकू येते.

उपाय स्वस्त आहे. ४०५-२ ला हल्लीचं आरसीए नसून जुन्या पद्धतीचं, अनेक पिनांचं डिन सॉकेट आहे, त्यामुळे केबल तयार करून घ्यावीच लागणार होती. कुठल्या पिनवर काय ते सर्किट डायग्रामवरून बघून घेतलं आणि केबलच्या डिनकडच्या टोकाला प्रत्येक चॅनेलसाठी दोन मेटल फिल्म रेझिस्टर बसवले: सिग्नलच्या वाटेत १० किलोओहम, आणि तिथून ग्राउंडला ३.३ किलोओहम. सिग्नल सुमारे १२-१३ डेसिबलने उतरला. आता बटण घड्याळाच्या काट्यासारखं दहा-अकराच्या जागी येतं, गायिका मधोमध राहते आणि सरसर कानाला लागत नाही. चार रेझिस्टरांचा खर्च चहाच्या कपाहूनही कमी.

नंतर टीव्हीच्या जोडणीमुळे घरघर आली. केबलवाल्याची कोअॅक्स वायर तिचं स्वतःचं अर्थिंग घेऊन घरात येते, अ‍ॅम्पचं अर्थिंग वेगळं, आणि दोन्हींच्या मधून ५० हर्ट्झ फिरत राहतो. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने डॅकमध्ये (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणाऱ्या पेटीत) घेतला, विजेचा संबंधच तुटला आणि घरघर बंद. अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. तो कधीही मानू नये. धातूच्या पेटीत आत २४० व्होल्ट आहेत.

आणखी एक: ४०५ ला चालू-बंदचं बटणच नाही. तो प्री-अ‍ॅम्पच्या मागच्या सॉकेटवरून चालू व्हावा अशी योजना होती. मी भिंतीवरच्या स्वतंत्र स्विचवर ठेवलाय. चालू करताना तो सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

तुलना करताना दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज मापून सारखा केला. ४०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर दोन्हींना समान व्होल्ट येतील असं बटण ठेवलं. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला अ‍ॅम्पही कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो, म्हणून हे करायलाच हवं. आणि निकाल स्पष्ट सांगते: हळू आवाजात मला दोघांत फरक सांगता आला नाही. किशोरीताईंचं स्वरमंडल दोन्हींवर तितकंच लखलखीत.

फरक पडला तो जिथे पडायला हवा होता तिथे. कागदावर ४० वरून १०० वॅट म्हणजे चारच डेसिबल. पण जुना अ‍ॅम्प पाच ओहमच्या आसपास धापा टाकत होता, हा टाकत नाही. ध्रुपद लावलं, आवाज पूर्वीच्याच मोकळ्या जागी ठेवला. पखवाजाची थाप आली, पोटात जाणवली, आणि तिच्या मागे गायकाचा लांबवलेला षड्ज जसाच्या तसा, एकसंध ऐकू येत राहिला. तबल्यात डग्ग्यावरची घसीट आधी नुसती ‘घुम’ अशी यायची, आता तळव्याचं सरकणं ऐकू येतं. कुमारजी तानपुरे लावण्याबद्दल किती काटेकोर होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये तार सप्तकातला झपाटा आल्यावरही मागचे तानपुरे आता बुजत नाहीत. त्यासाठी मी तीन तास सलग बसले आणि उठले तेव्हा कान दुखत नव्हते. पूर्वी तासाभरात आवाज कमी करावासा वाटायचा.

अ‍ॅम्पच्या पुढच्या बाजूला असलेल्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांना चांगली हवा लागते, म्हणून तो बंद कपाटात न ठेवता उघड्या फळीवर ठेवलाय. दर वर्षी झाकण उघडून धूळ काढायची आणि आउटपुटचा डीसी मोजून मॅन्युअलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायचा, असं ठरवलंय. काकूंच्या यजमानांच्या नोंदींखाली पहिलं माप लिहून झालं आहे: डावीकडे ४ मिलिव्होल्ट, उजवीकडे ६.